सदतीस टक्क्यांची गोष्ट : पाळी गेल्यानंतरची हॉर्मोन्स आणि आतड्याचा कॅन्सर



गेल्या महिन्यात एक ताई दवाखान्यात आल्या. वय ५४, पाळी जाऊन पाच वर्षं झालेली. तक्रार काहीच नाही. झोप बरी, भूक बरी, अंगातून वाफा येण्याचा त्रास कधीच थांबलेला. त्यांनी पर्समधून मोबाईल काढला, एक रील दाखवलं आणि म्हणाल्या, "मॅडम, ही हॉर्मोन्स मला सुरू करा. आतड्याचा कॅन्सर ३७ टक्क्यांनी कमी होतो म्हणे. माझ्या मामेसासऱ्यांना झाला होता, तेव्हापासून मला धास्तीच बसली आहे."

हा आकडा खोटा असता तर माझं काम सोपं होतं. "काहीतरीच सांगतात" म्हणून मी मोकळी झाले असते. पण आकडा खरा आहे. अडचण तीच आहे. खरा आकडा अर्धाच सांगितला की तो खोट्या आकड्यापेक्षा जास्त फसवतो.

माझं म्हणणं सुरुवातीलाच स्पष्ट सांगते. एक, आतड्याचा कॅन्सर टाळण्यासाठी म्हणून हॉर्मोनच्या गोळ्या घेऊ नका. दोन, पाळी गेल्यानंतर शौचातून रक्त गेलं किंवा हिमोग्लोबिन उतरलं, तर "मूळव्याध असेल" किंवा "बायकांचं कमीच असतं" हे उत्तर कुणाकडूनही मान्य करू नका. डॉक्टरकडूनही नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, ते पुढे कळेल.

हा आकडा आला कुठून?

एकाच वयाच्या स्त्री-पुरुषांची तुलना केली तर स्त्रियांमध्ये मोठ्या आतड्याचा कॅन्सर कमी दिसतो. यामागे स्त्री-हॉर्मोन्स असावीत, असा तर्क मॅकमायकेल आणि पॉटर या दोन संशोधकांनी १९८० साली मांडला. हॉर्मोन्समुळे पित्तातली आम्लं बदलतात, आतड्याच्या अस्तराला त्यांचा त्रास कमी होतो, असा तो विचार होता. पुढे असंही कळलं की आतड्याच्या अस्तरातल्या पेशींवर इस्ट्रोजेनला प्रतिसाद देणारी एक विशिष्ट जागा असते, तिला इस्ट्रोजेन रिसेप्टर बीटा म्हणतात. गाठ वाढत जाते तशी ती कमी होत जाते. म्हणजे तर्क पोकळ नव्हता.

मग निरीक्षणं आली. हॉर्मोन्स घेणाऱ्या बायकांना हा कॅन्सर कमी होतो, असं अनेक पाहण्यांत दिसलं. पण इथे एक गोम असते. स्वतःहून डॉक्टरकडे जाऊन हॉर्मोन्स घेणारी बाई बहुधा शिकलेली, बऱ्या परिस्थितीतली, चालायला जाणारी, वेळेवर तपासण्या करणारी असते. तिची तब्येत चांगली राहिली तर ते गोळीमुळे की तिच्या राहणीमुळे, हे अशा पाहणीतून सांगता येत नाही.

हा घोळ सोडवण्यासाठी अमेरिकेत 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' हा मोठा प्रयोग झाला. गर्भाशय शाबूत असलेल्या, ५० ते ७९ वयाच्या १६,६०८ स्त्रिया घेतल्या. कुणाला काय मिळणार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं. जवळपास अर्ध्या जणींना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन अशी एकत्र गोळी, बाकीच्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. प्रयोग साडेआठ वर्षं चालायचा होता. सरासरी ५.२ वर्षांनी, जुलै २००२ मध्ये तो थांबवावा लागला, कारण गोळी घेणाऱ्यांमध्ये स्तनाचा कॅन्सर ठरवलेल्या मर्यादेपलीकडे गेला होता.

याच प्रयोगात मोठ्या आतड्याचा कॅन्सर गोळी घेणाऱ्यांमध्ये ३७ टक्क्यांनी कमी आढळला. रीलमधला आकडा तो हाच.

३७ टक्के म्हणजे नेमक्या किती जणी?

साडीच्या दुकानावर "३७ टक्के सूट" असा फलक पाहिला, तर तुम्ही आधी काय विचारता? "मूळ किंमत किती?" पैठणीवरची सूट वेगळी आणि रोजच्या वापराच्या साडीवरची वेगळी. औषधाच्या बाबतीत मात्र हा प्रश्न आपण विचारायला विसरतो.

मूळ किंमत अशी होती. गोळी न घेणाऱ्या १०,००० स्त्रियांमागे वर्षाला साधारण १६ जणींना आतड्याचा कॅन्सर निघाला. गोळी घेणाऱ्या १०,००० जणींमागे १०. म्हणजे फरक ६ जणींचा. दहा हजार बायकांनी वर्षभर रोज गोळी घ्यायची, तेव्हा सहा जणींचं निदान टळल्यासारखं दिसणार.

आता खात्याची दुसरी बाजू. त्याच १०,००० जणींमागे वर्षाला हृदयविकाराचे ७, पक्षाघाताचे ८, फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकण्याचे ८ आणि स्तनाच्या कॅन्सरचे ८ प्रसंग जास्त घडले. फायद्याच्या बाजूला आतड्याचे ६ कॅन्सर कमी आणि खुब्याची ५ हाडं कमी मोडली. जमा ११, खर्च ३१. सगळे प्रसंग सारख्याच गंभीरतेचे नसतात हे खरं, पण घरखर्चाची वही सांभाळणाऱ्या कुठल्याही बाईला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. रीलवाल्याने त्या वहीतली एकच ओळ वाचून दाखवली.

शिवाय हा हिशेब अमेरिकेतला आहे. आपल्याकडे स्त्रियांमध्ये मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं प्रमाण तिथल्यापेक्षा कित्येक पटींनी कमी आहे. मूळ किंमतच कमी, म्हणून सूट आणखी किरकोळ. उलट मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार आपल्या घराघरांत आहेत. म्हणजे जमेची बाजू आकसते, खर्चाची मात्र आकसत नाही.

रीलमध्ये नसलेला भाग

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं पुढेच आहे. या प्रयोगातल्या आतड्याच्या कॅन्सरचं बारकाईने केलेलं विश्लेषण २००४ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलं. पसरण्याची क्षमता असलेले कॅन्सर गोळी घेणाऱ्यांत ४३ आणि न घेणाऱ्यांत ७२ निघाले. इथवर आनंदच आहे.

पण गोळी घेणाऱ्यांचे कॅन्सर सापडले तेव्हा ते जास्त पुढे गेलेले होते. कॅन्सर पोचलेल्या लसिका गाठींची सरासरी गोळीच्या गटात ३.२, दुसऱ्या गटात ०.८. आतड्याबाहेर, जवळ किंवा दूर पसरलेल्या कॅन्सरचं प्रमाण गोळीच्या गटात ७६.२ टक्के, दुसऱ्या गटात ४८.५ टक्के.

त्याच लेखात आणखी एक निरीक्षण आहे. गोळीच्या गटातल्या ज्या बायकांना आधी योनीमार्गे रक्तस्राव झाला होता, त्यांच्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये बाधित गाठी जास्त होत्या. याचा एक संभाव्य अर्थ असा, की या गोळ्यांनी अंगावरून थोडं रक्त जातं, हे बाईला आणि डॉक्टरला दोघांनाही माहीत असतं. त्यामुळे कपड्याला डाग दिसला की दोघंही म्हणतात, "गोळ्यांमुळे असेल." ते रक्त आतड्यातून येत असेल, ही शंका मागे पडते. हा सिद्ध झालेला निकाल नाही, पण दवाखान्यात बसणाऱ्या माणसाला तो सहज पटतो.

पुढे सरासरी साडेअकरा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०१२ साली मृत्यूंचा हिशेब मांडला गेला. आतड्याच्या कॅन्सरने गोळीच्या गटात ३७ मृत्यू, दुसऱ्या गटात २७. हा फरक योगायोगानेही पडू शकतो, म्हणून "गोळीने मृत्यू वाढले" असं मी म्हणणार नाही. पण "गोळीने जीव वाचले" असं म्हणायला तर तसूभरही जागा नाही. गोळीने कॅन्सर खरोखर टळत असते, तर मृत्यू कमी व्हायला हवे होते. निदानं कमी आणि मृत्यू तेवढेच, याचा सरळ अर्थ निघतो की कदाचित काही कॅन्सर टळले नाहीत, ते उशिरा सापडले.

पिशवी काढलेल्या मैत्रिणींसाठी

ज्यांचं गर्भाशय काढलेलं आहे त्यांना नुसतं इस्ट्रोजेन देतात. अशा १०,७३९ स्त्रियांवर त्याच प्रकल्पात वेगळा प्रयोग झाला, तो २००४ मध्ये थांबला. त्यात आतड्याच्या कॅन्सरमध्ये काहीही घट दिसली नाही. म्हणजे ३७ टक्क्यांचा आकडा या बायकांना लागूच नाही.

महाराष्ट्रात हे मुद्दाम सांगायला हवं. आपल्याकडे पिशवी काढण्याचं प्रमाण काही भागांत फार मोठं आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांचा प्रश्न २०१९ मध्ये इतका गाजला की राज्य सरकारला समिती नेमावी लागली. कमी वयात गर्भाशयाबरोबर दोन्ही बीजांडकोशही काढले गेले असतील, तर नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत हॉर्मोन्स देण्याचं कारण असतं, पण ते हाडांसाठी आणि हृदयासाठी. आतड्यासाठी नव्हे.

आणि एक साधी गोष्ट. पिशवी नसेल तर कपड्यावर दिसणारं रक्त "पाळीचं असेल" असं म्हणायला वावच उरत नाही. तरीही म्हणणारे भेटतात.

'मेनोपॉज प्रोफाइल' तपासून धोका कळतो का?

काही लॅबमध्ये आता असं पॅकेज मिळतं. पाळी गेल्यावरही शरीरात थोडं इस्ट्रोजेन तयार होतं, मुख्यतः चरबीत. ते रक्तात किती आहे आणि आतड्याच्या कॅन्सरचा धोका किती, याचा अभ्यास याच प्रकल्पातल्या स्त्रियांवर झाला. २००८ च्या अभ्यासात इस्ट्राडायॉल जास्त तर धोका जास्त, असं निघालं. २०१५ च्या अभ्यासात नेमकं उलट चित्र दिसलं. एकाच घरातले दोन भाऊ दोन दिशांना बोट दाखवत असतील, तर त्या बोटाकडे पाहून वाट धरू नये. आतड्याच्या काळजीपोटी या पॅकेजवर एक रुपयाही घालवू नका.

२००८ च्या त्याच अभ्यासात एक हॉर्मोन मात्र ठळकपणे दोषी दिसलं, ते म्हणजे इन्सुलिन. रक्तात इन्सुलिन जास्त तर धोका जास्त. पोटाचा घेर, बैठी राहणी, मधुमेह या सगळ्यांचा दोर इथे येऊन मिळतो. याची गोळी रीलमध्ये विकता येत नाही, म्हणून त्याबद्दल कुणी बोलत नाही.

माझी चूक

आता थोडं स्वतःबद्दल. हे लिहिणं सोपं नाही, पण लिहिल्याशिवाय लेख प्रामाणिक होणार नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी एक शिक्षिका माझ्याकडे येत असत. वय ५८, नुकत्याच निवृत्त झालेल्या. थकवा, जिना चढताना धाप. हिमोग्लोबिन ८.४. मी लोहाच्या गोळ्या दिल्या. उपवास कमी करा, पालेभाजी खा, खजूर खा, असं नेहमीचं सांगितलं. दोन महिन्यांनी ९.८ झालं. दोघींनाही बरं वाटलं. पुढे पुन्हा उतरलं. मी विचारलं, "बाई, गोळ्या घेताय ना नीट?" त्या ओशाळून म्हणाल्या, "मध्ये एक आठवडा चुकल्या मॅडम." मी गोळ्या पुढे चालू ठेवल्या. शौचातून रक्त जातं का, हे मी एकदाच विचारलं, त्या नाही म्हणाल्या आणि मी विषय सोडला.

सहा महिन्यांनी पोटात उजवीकडे गाठ हाताला लागली. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचा कॅन्सर, गाठींमध्ये गेलेला. ऑपरेशन झालं, केमोथेरपी झाली. दोन वर्षांनी त्या गेल्या. त्यांच्या फाइलवर माझ्याच अक्षरात "लोह चालू ठेवणे" असं तीन वेळा लिहिलेलं आहे. ते पान मी विसरलेले नाही.

त्यांची पाळी जाऊन नऊ वर्षं झाली होती. नळ बंद असताना टाकी रिकामी होत होती आणि मी गळती शोधायचं सोडून वरून पाणी ओतत होते.

"बायकांचं रक्त कमीच असतं"

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत भारतातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. इतक्या बायकांचं रक्त कमी असतं की ते कमी असणं हाच आपल्याला स्वभावधर्म वाटू लागला आहे. डॉक्टरांनाही. आणि वयाची कक्षा पाहा, ४९ ला मोजणी संपते. पाळी गेलेली बाई या आकड्यातही नाही.

पाळी चालू असते तोपर्यंत रक्तक्षयाला एक रोजचं कारण असतं. पाळी गेली की ते कारण संपतं. त्यानंतर लोहाच्या कमतरतेमुळे हिमोग्लोबिन उतरलं, तर रक्त कुठून तरी जातंय असंच धरून चालायचं. म्हणूनच अशा स्त्रीची अन्ननलिका-जठराची आणि मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करावी, असं पोटविकारतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. स्त्रियांमध्ये उजव्या बाजूच्या आतड्याचे कॅन्सर तुलनेने जास्त असतात. तिथे मळ पातळ असतो, गाठ अडथळा करत नाही, रक्त मळात मिसळून जातं आणि डोळ्यांना दिसत नाही. "रक्त जातं का?" "नाही" हा संवाद म्हणूनच पुरेसा नाही. मी तो संवाद केला होता.

दुसरा शत्रू म्हणजे "मूळव्याध". गावागावांत "बिना ऑपरेशन खात्रीशीर इलाज" असे फलक आहेत. आत न तपासताच इलाज सुरू होतो. बाईला मुलाला सांगायची लाज, सुनेला सांगायचा संकोच, डॉक्टर पुरुष असेल तर विषयच संपला. मूळव्याध खूप जणींना असते हे खरं, पण मूळव्याध असलेल्या बाईला कॅन्सर होत नाही असा काही नियम नाही. दोन्ही एकत्र असू शकतात. ज्याने बोट घालून गुदद्वार तपासलं नाही, त्याला "मूळव्याधच आहे" असं म्हणायचा अधिकार नाही. स्त्री डॉक्टर हवी असेल तर मागा, पण तपासणी टाळू नका.

मग हॉर्मोन्स वाईट का?

नाही. हेही तितक्याच ठामपणे सांगते, कारण २००२ नंतर घाबरून अनेक बायकांचे उपचार उगाच बंद झाले. अंगातून वाफा, रात्री घामाने भिजणं, झोपेचं खोबरं होणं, यावर हॉर्मोन्सइतकं परिणामकारक औषध दुसरं नाही. त्या प्रयोगातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. साठीच्या आत आणि पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत सुरू केल्यास हिशेब बराच वेगळा आणि अनुकूल असतो. १८ वर्षांच्या पाठपुराव्यात एकूण मृत्यूंमध्ये दोन्ही गटांत फरक दिसला नाही. मी स्वतः पन्नाशीत दोन वर्षं जेल वापरलं आहे आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. स्तनाचा कॅन्सर, पूर्वी झालेली रक्ताची गुठळी, पक्षाघात, यकृताचा मोठा आजार किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल, तर मात्र ही वाट नको.

त्रास आहे म्हणून औषध घेणं वेगळं आणि त्रास नसताना भविष्यातला आजार टाळायला घेणं वेगळं. दुसऱ्या कारणासाठी ही एकत्र हॉर्मोन्स घेऊ नयेत, असं अमेरिकेचा प्रतिबंधक सेवा कार्यगट वारंवार सांगत आला आहे, शेवटचं २०२२ मध्ये.

"मॅडम, दुर्बीण महाग आहे"

हा आक्षेप खरा आहे. आपल्या सरकारी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कॅन्सरची चाचपणी होते, आतड्याची नाही. आपल्याकडचं प्रमाण पाहता प्रत्येक निरोगी बाईने दुर्बीण करावी असं मी म्हणत नाही. पण लक्षण असलेल्या बाईला ती लागतेच, आणि ती काही हौसेची तपासणी नाही. वर्षानुवर्षं मलमं, चूर्णं, लोहाच्या गोळ्या आणि इंजेक्शनं यांवर जाणारा पैसा एकदा कागदावर मांडून पाहा. खासगीत परवडत नसेल तर वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चिठ्ठी मागा.

म्हणून लक्षात ठेवा:

१. पाळी गेल्यानंतर वर्षातून एकदा हिमोग्लोबिन तपासा. कमी असेल तर फेरिटिन करा. लोह कमी निघालं तर गोळ्या घ्याच, पण "रक्त जातंय कुठे?" हा प्रश्न डॉक्टरला विचारा.

२. शौचातून रक्त, काही आठवडे टिकणारा शौचाच्या सवयीतला बदल, कारण नसताना उतरलेलं वजन, यांपैकी काहीही असेल तर तपासणी करून घ्या.

३. हॉर्मोन्स घेत असताना अंगावरून रक्त गेलं, तर ते नेमकं कुठून आलं हे शोधून घ्या.

४. आई, वडील, भाऊ, बहीण यांपैकी कुणाला आतड्याचा कॅन्सर झाला असेल, तर लक्षणं नसतानाही चाळिशीला दुर्बिणीबद्दल विचारा. नातेवाईकाला लहान वयात झाला असेल, तर त्याच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षं आधी.

५. रोज चाला, पोटाचा घेर आणि साखर ताब्यात ठेवा. तंबाखू, मिश्री, दारू यांना घरात जागा नको.

त्या ताईंना मी हॉर्मोन्स दिली नाहीत. मामेसासरे रक्ताचे नातेवाईक नाहीत, हे सांगितल्यावर त्या हसल्या. हिमोग्लोबिन केलं, १२.६ आलं. शौचाबद्दल सगळं विचारलं, पोट तपासलं. गोळी न मिळाल्यामुळे जाताना थोड्या हिरमुसल्या होत्या. दारातून वळून म्हणाल्या, "मॅडम, माझ्या मोठ्या बहिणीला गेली तीन वर्षं मूळव्याध आहे. रक्त जातं अधूनमधून. दाखवत नाही कुणाला."

मी म्हटलं, "तिला उद्याच घेऊन या."